आबांचा चहा आणि माझा रेझिस्टर

मशीन बंद केली की आधी एक कप चहा प्यायचा, मगच तिच्या पोटात हात घालायचा, असा आबांचा नियम होता. आबा म्हणजे माझे वडील, आणि मशीन म्हणजे लाऊडस्पीकरचा अ‍ॅम्प्लिफायर, जुन्या काळातला, काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा. साखरा आमचं गाव, तिथं आमची कोरडवाहू जमीन. सुगी आटोपली की लग्नाच्या दिवसांत आबा बैलगाडीत दोन भोंगे, एक माईक आणि ती मशीन घालून गावोगाव, तांड्यातांड्यांवर जायचे. मशीन बिघडायची ती नेमकी अक्षता पडायच्या टायमाला. वऱ्हाडी ओरडायचे, "ओ लाऊडस्पीकरवाले, काय झालं?" आबा शांतपणे विजेची पिन काढायचे आणि म्हणायचे, "च्या आना."

लोकांना वाटायचं, हा माणूस चहासाठी अडून बसलाय. एका नवरदेवाचा मामा भर मांडवात म्हणाला होता म्हणे, "ह्याची मशीन न्हाई बिघडत, ह्याला तलफ लागते." आबा ऐकून घ्यायचे. चहा बशीत ओतून, फुंकून, सावकाश प्यायचे. बशी खाली ठेवली की डावा हात पाठीमागे नेऊन कमरेच्या करदोड्यात अडकवायचे. मग उजव्या हातात एक वेळूची काडी घ्यायचे. तिच्या टोकाला तांब्याची तार होती, आणि तारेचं दुसरं टोक मशीनच्या पत्र्याला बांधलेलं. काडी आतल्या एका गोल डब्याला टेकवली की टच् असा आवाज व्हायचा. "आता मेली," आबा म्हणायचे, आणि कामाला लागायचे.

हे त्यांना वसमतच्या एका मिस्त्रीनं शिकवलं होतं. का करायचं, ते त्यानंही सांगितलं नव्हतं. एवढंच म्हणाला होता, "च्या, हात मागं, काडी. ह्यातलं एक जरी चुकलं तर माझ्यापाशी शिकलो म्हणून कुठं सांगू नको."

का करायचं, ते मी सांगितलं. आमच्या घरातला मी पहिला ग्रॅज्युएट. हे सांगताना मी आजही आवाज खाली आणत नाही. माय अंगठा लावते, आबा चौथी शिकलेले, आणि मी हिंगोलीला खोली करून, स्वतःच्या हातानं भाकरी थापून, फिजिक्स घेऊन बीएस्सी झालो. कॅपॅसिटर शिकलो त्या शनिवारी आमच्या भागातल्या गोरेगावच्या जीपला लटकून घरी आलो आणि आबांना अंगणात बसवून समजावलं. तो गोल डबा म्हणजे कॅपॅसिटर. पिन काढली तरी त्याच्यात वीज साठून राहते, तीन-चारशे व्होल्ट. चहा पिऊन होईस्तोवर ती थोडी उतरते, उरलेली काडी पत्र्यात उतरवते. आणि डावा हात मागं असला म्हणजे एका हातातनं शिरलेला करंट छातीतून दुसऱ्या हाताला जात नाही.

आबांनी सगळं ऐकलं. "म्हंजी मिस्त्री बराबर होता," ते म्हणाले. "एवढं समजायला तुला कालेजात जावं लागलं व्हय?"

माय हसली. मीही हसलो. पण मला ते लागलं होतं.

पुढे ट्रान्झिस्टरची मशीन आली, मग डीजे आले, आणि आबांचा धंदा आपोआप बसला. जुनी मशीन माळवदावरच्या खोलीत गेली. मी सेनगावला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागलो. दरवर्षी नव्या वर्गाला कॅपॅसिटर मीच दाखवतो. साठलेल्या विजेपासून कसं जपायचं, हे फळ्यावर मीच लिहितो.

आबांचे कान मात्र जात होते. उभं आयुष्य भोंग्याच्या बुडाशी बसून काढलेलं. डावा कान आधीच संपला होता. उजवाही कमी होत चालला, तेव्हा हिंगोलीला नेऊन दाखवलं. डॉक्टर म्हणाले, वर्ष, दोन वर्ष, सांगता येत नाही. कानाला लावायचं यंत्र दिलं. आबांनी ते आठवडाभर लावलं आणि काढून फळीवर ठेवलं. "हे माझ्या कानात शेळ्या हाकून राहिलं," म्हणाले.

आबा मागणारे नव्हेत. मला आठवतं तेव्हापासून त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. त्यांच्या पेटीत एक जुनी कॅसेट होती. एका तांड्यावरच्या लग्नात नवरीच्या भावानं नवा टेपरेकॉर्डर आणला होता. त्यानं दिवसभराचं सगळं भरून घेतलं होतं, वाजंत्री, बायकांची गाणी, आणि मधूनमधून माईकवरून बोलणारे आबा. तिशीतले. ती कॅसेट मी मोबाईलवर उतरवून आणली आणि त्यांच्या उजव्या कानाशी धरली. आबांनी थोडा वेळ ऐकलं आणि मान हलवली.

"हा माझा आवाज न्हाई. हा डबड्यातला आवाज हाय."

"तुमचाच आहे आबा."

"माझा असंल. पण त्या मशीनवर तो असा येत नव्हता. गोल यायचा. घरातलं माणूस शेजारी बसून बोलल्यावानी." मग जरा थांबून म्हणाले, "कान हाय तवर एकदा त्या मशीनवर ऐकव मला."

मी म्हणालो, "दसऱ्याला ऐकवतो."

मशीन खाली काढली तेव्हा तिच्या तारा उंदरांनी खाल्लेल्या होत्या आणि पत्रा गंजून हातात येत होता. पण दोन्ही ट्रान्सफॉर्मर धडधाकट निघाले. व्हॉल्व्हना आबा 'काचा' म्हणत. त्या सगळ्या त्यांनी स्वतःच्या लग्नातल्या फेट्याच्या तुकड्यात गुंडाळून पेटीत ठेवल्या होत्या. तपासल्या, जिवंत होत्या. तेव्हा ठरवलं, ट्रान्सफॉर्मर आणि काचा आबांच्या, बाकी सगळं नवं. गोरेगावच्या वेल्डिंगवाल्याकडून पत्र्याचा सांगाडा करून घेतला, आणि धान्याची पत्र्याची कोठी आहे त्या खोलीत लाकडी टेबल मांडलं.

मी निष्काळजी माणूस आहे असं कुणी म्हणू नये. सगळं व्यवस्थित केलं. आमच्या घराला अर्थिंग नावापुरतं होतं. मी मागच्या अंगणात खड्डा खोदून, मीठ-कोळसा घालून नवं केलं. फ्यूजच्या जागी आबा तारेचा तुकडा लावायचे, मी बरोबर मापाचा फ्यूज घातला. पायाखाली जाड रबर अंथरलं. पहिल्यांदा लाईट द्यायची ती शंभराच्या बल्बमधून दिली, म्हणजे आत कुठं जोडणी चुकली तर बल्ब भगभगून पेटतो आणि मशीन वाचते. आणि बायकोला शिकवून ठेवलं, "मी कधी चिकटलो तर मला हात लावायचा नाही. आधी पळत जाऊन मेन स्विच पाडायचा."

"आन मेन स्विच पाडून मंग काय करू?" ती म्हणाली. "च्या ठेवू?"

ती असं म्हणाली कारण चहाचं फारच झालं होतं. जुळणी करताना एका दुपारी मशीन सात-आठ वेळा चालू-बंद करावी लागते. आबा दारात खुर्ची टाकून बसायचे. त्यांना ऐकू फार येत नसलं तरी माझा हात पिनेकडे गेलेला बरोबर दिसायचा. मी पिन काढली रे काढली की ते ओरडायचे, "पोरी, च्या टाक!" आणि चहा येऊन, पिऊन, कप खाली ठेवेपर्यंत मला मशीनला शिवू द्यायचे नाहीत. मग वर ती काडी. एकदा माझी बायको दारात येऊन म्हणाली, "मामा, साखर संपली. आता मशीनच गोड लागंल."

मला हसू येत नव्हतं. दसरा जवळ येत होता, आबांचा कान रोज थोडा थोडा जात होता, आणि माझा अर्धा वेळ चहात चालला होता. शिवाय खरं सांगायचं तर, बीएस्सी झालेल्या माणसानं वेळूची काडी घेऊन मशीनला टोचावं हे मला बघवत नव्हतं.

यावर पुस्तकातला उपाय आहे. कॅपॅसिटरला एक रेझिस्टर कायमचा जोडून ठेवायचा. पिन काढली की साठलेली वीज त्याच्यातून आपोआप झिरपून जाते. माणसाला काही करावं लागत नाही. मी तो जोडला आणि आबांना जवळ बोलावून, उजव्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "आता चहा नको न् काडी नको. पिन काढायची, एक मिनिट थांबायचं. डबा आपोआप रिकामा होतो."

"आपोआप?"

"आपोआप."

"आन न्हाई झाला तर?"

"आबा, मी बीएस्सी आहे."

आबांनी माझ्याकडे बघितलं. मग मान डोलावली आणि ती काडी आढ्याला खोचून ठेवली. त्यानंतर पिन निघाली तरी त्यांनी कधी चहा मागितला नाही. बायको सुटले म्हणाली.

त्या जागी पाच वॅटचा रेझिस्टर लागतो. तो नांदेडहून यायचा होता. मी प्रयोगशाळेच्या खणात पडलेला एक वॅटचा लावला. हिशोब मी केला होता. दीड वॅटच्या वर ताण पडत होता, म्हणजे तो तापणार, आणि एक दिवस आतल्या आत तुटणार, हे मला ठाऊक होतं. दसऱ्यापर्यंत तर निघेल, असं म्हटलं. माझ्या वर्गातल्या कुणी हे केलं असतं तर मी त्याला बाहेर उभं केलं असतं.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. मी स्वतः त्या रेझिस्टरवर विसंबत नव्हतो. हात घालायच्या आधी दर वेळी मीटर लावायचो आणि आकडा शून्यावर आलेला बघायचो. आबा हे बघत होते. एकदा त्यांनी विचारलं, "हे काय बघून राहिला?"

मीटर लावल्याशिवाय हात घालायचा नसतो, एवढं एक वाक्य सांगायचं होतं. पण आपोआप होतं असं छाती काढून सांगितल्यावर, झालं की नाही ते तपासतोय हे कसं सांगणार?

"काही न्हाई," मी म्हणालो. "नोंद ठेवायला."

खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी घरातलं सगळं हत्यार धुऊन पूजतात. विळे, कुऱ्हाड, टिकाव, पेरणीची तिफण, आता मोटरसायकल आणि विहिरीवरचा स्टार्टरसुद्धा. आबा दरवर्षी आपले भोंगे आणि माईक पूजत. धंदा बंद पडल्यावरही पूजत. त्या सकाळी मी मशीन उलटी करून, खालचं झाकण उघडं ठेवून नुसतं व्होल्टेज तपासत होतो, त्यासाठी काचा काढून ठेवल्या होत्या. काचा बसवलेल्या असल्या की बंद केल्यावरही त्या तापलेल्या असतात तोवर साठलेली वीज पिऊन टाकतात. त्या नसल्या की विजेला जायला वाट एकच, तो रेझिस्टर. दहा मिनिटं चालू ठेवून व्होल्टेज टिकतं का बघू, असं मी ठरवलं. तेवढ्यात बायकोनं मोटरसायकल धुवायला हाक मारली. मी मशीन चालू ठेवून अंगणात गेलो.

अंगणात सगळी हत्यारं ओळीनं मांडली होती. माय झेंडूची फुलं तोडून तोडून ठेवत होती. आबा धुतलेलं धोतर नेसून, पितळी ताटात ओलं हळद-कुंकू घेऊन एकेकाला बोटं लावत गेले. तिफणीला लावली, मोटरसायकलच्या दिव्याला लावली, माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझ्या मशीनला राहिलं." मला वाटलं, वरून एक बोट लावतील. मी साबणाचं फडकं पिळत होतो. ते आत गेले.

दोन मिनिटं झाली असतील. आतून पहिल्यांदा कोठीचा पत्रा दणकला. मग ताट फरशीवर पडलं आणि गोल गोल फिरत राहिलं. तो आवाज थांबेपर्यंत मी दारात पोचलो होतो.

आबा कोठीला टेकून जमिनीवर पडले होते. डोळे उघडे, उजवा हात छातीशी आवळलेला, सगळ्या अंगावर हळद. माझी नजर आधी आबांकडे गेली नाही. ती पिनेकडे गेली. पिन निघालेली होती, नीट वायर गुंडाळून बाजूला ठेवलेली. म्हणजे काय झालं ते मला तिथंच कळलं. मागून बायको धावत आली. शिकवलं होतं तसं तिनं आधी मेन स्विच पाडला होता. दारात उभी राहून ती म्हणाली, "पाडला. आता काय करू?"

मी आबांचं डोकं मांडीवर घेतलं. श्वास चालू होता. थोड्या वेळानं त्यांचे ओठ हलले.

"मिनिटभर थांबलो होतो रे," ते म्हणाले. "घड्याळ बघून."

शेजाऱ्याची जीप काढून हिंगोलीला नेलं. दोन दिवस छातीला वायरी लावून ठेवलं. हृदय ठीक निघालं. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर काळा डाग पडला होता, आणि त्या हाताची दोन बोटं सुन्न झाली होती, ती आजही तशीच आहेत. दुसऱ्या दिवशी ते उठून बसले तेव्हा मला राहवलं नाही. कानाशी वाकून विचारलं, "आबा, डावा हात मागं काहून न्हाई नेला? जन्मभराची सवय होती तुमची."

"हातात पूजेचं ताट होतं," ते म्हणाले. "देवाच्या कामात डावा हात मागं लपवतं का कोनी?"

नव्या मशीनची पहिली खंडेनवमी, म्हणून तिच्या पोटात कुंकू लागलं पाहिजे असं त्यांना वाटलं होतं. डाव्या हातातलं पितळी ताट सांगाड्याच्या पत्र्याला टेकलेलं, आणि उजव्या हाताचं ओलं बोट डब्यावर. वसमतच्या मिस्त्रीच्या तीन गोष्टींतली एक देवानं सोडवली. दोन मी सोडवल्या. नुसत्या चहानं ते वाचले असते असं मी म्हणत नाही. पण चहानंतर काडी होती, आणि काडी खोटं बोलत नव्हती.

घरी आल्यावर मी खोलीत गेलो. ट्रान्सफॉर्मरवर कुंकवाचं बोट होतं, व्हॉल्व्हच्या प्रत्येक रिकाम्या बैठकीजवळ एकेक बोट होतं, आणि कॅपॅसिटरजवळचं अर्धवट, पुसटलेलं. रेझिस्टर तपकिरी पडून आतून तुटलेला होता. मीटर लावला. दोन दिवसांनीसुद्धा बावीस व्होल्ट शिल्लक होते. बावीस व्होल्टनं कुणाला काही होत नाही. तरी या वेळी मी त्याची खरंच नोंद ठेवली.

आबा उजव्या अंगावर पडले होते. उजवा कान कोठीच्या कडेला बसला होता. त्या वेळी रक्तबिक्त काही आलं नाही, म्हणून कुणाचं लक्ष गेलं नाही. दिवाळीत माय त्यांना फराळाला हाका मारत होती आणि आबा तिच्याकडे पाठ करून शांत बसले होते. माय म्हणाली, "बुढा आता मुद्दाम करून राहिला." ते मुद्दाम नव्हतं. पुन्हा हिंगोलीला नेलं. डॉक्टर म्हणाले, वय आहे, आयुष्यभराचा आवाज आहे, पडल्याचंही असेल, कशाचं किती ते वेगळं काढता येत नाही. मी सायन्सचा माणूस आहे. वेगळं काढता येत नाही म्हणजे माझा वाटा शून्य, असा त्याचा अर्थ होत नाही.

संक्रांतीपर्यंत आमचं सगळं बोलणं हातवाऱ्यांवर आलं.

त्या काळात मी मशीन पुरी केली. एकाऐवजी दोन रेझिस्टर लावले, पाच पाच वॅटचे, म्हणजे एक गेला तरी दुसरा राहील. आत वीज असेपर्यंत जळत राहील असा एक लाल दिवा बसवला. खालचं झाकण आठ स्क्रूंनी पक्कं केलं. आधी करायचं होतं ते सगळं करायला मला दोन रविवार लागले. दोनच.

आबा त्या खोलीकडे फिरकत नव्हते. कोठीतून ज्वारी काढायची असली तरी मायला पाठवायचे. मला वाटलं, मनातून काढून टाकलं असेल. पण फाल्गुनात, हरभरा घरात आला त्या आठवड्यात, एका दुपारी ते दारात येऊन उभे राहिले आणि टेबलाकडे बोट करून म्हणाले, "झाली का?"

मी मान डोलावली. ते आत आले. स्वतःच स्टूल ओढून मशीनसमोर बसले, दाराकडे पाठ करून. डावा हात त्यांनी मागं नेऊन करदोड्यात अडकवला.

मला काय वाटलं कुणास ठाऊक. वाटलं, उजव्या कानात कुठंतरी थोडं उरलं असेल. मोबाईलवर नाही पोचत ते इथून पोचेल. मी टेपमध्ये कॅसेट घातली आणि मशीनची पिन लावली. काचा हळूहळू लालसर झाल्या, मग नारिंगी. अर्ध्या मिनिटानं भोंग्यातून आधी नुसती खरखर आली, आणि मग तो आवाज.

आबा बरोबर होते. आवाज गोल होता. शेजारी बसून बोलल्यासारखा. तिशीतले आबा म्हणत होते, "वऱ्हाडी मंडळींना विनंती हाय. एका लेकराचा डाव्या पायाचा बूट मांडवाच्या खांबापाशी सापडलेला हाय. ज्याचा असंल त्यानं उजवा दाखवून घेऊन जावा." मागं माणसं खळखळून हसत होती. कुणीतरी ओरडलं, "दोन्ही पायांचे हरवले आसतील तर?" आणि आबा माईकवरूनच म्हणाले, "मंग पाय दाखव."

दारात माय येऊन उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला होता. तिच्या मागं बायको, पिठाचे हात तसेच. दोघीही हलत नव्हत्या. हा आवाज मायनं कितीतरी वर्षांनी ऐकला होता.

आबा काचांकडे बघत होते. एकटक. चेहऱ्यावर वाट बघणाऱ्या माणसाची शांतता होती. भोंग्यातून ते नवरीच्या मामाला बोलावत होते, जेवणाच्या पंगती बसवत होते, जीपवाल्याला गाडी बाजूला घ्यायला सांगत होते. बराच वेळ गेला. मग आबांनी माझ्याकडे वळून विचारलं,

"काचा अजून पुऱ्या तापल्या न्हाईत का?"

माझ्याकडून मान हलली. नाही, अजून नाही, अशी हलली.

ते परत काचांकडे बघत बसले. कॅसेटची एक बाजू संपली. मी दुसरी लावली नाही. आबांनी हात पुढं करून माझ्या गुडघ्यावर थापटलं.

"राहू दे," ते म्हणाले. "एखादी काच गेली आसंल. व्हतं आसं. निवांत बघ."

मी पिन काढली. लाल दिवा हळूहळू मंद होत गेला आणि विझला. मी मीटर लावला, आकडा शून्य. आबांनी मीटरकडे बघितलं नाही. दाराकडे वळून, स्वतःच्या आवाजाचा अंदाज नसलेल्या माणसासारखे ते मोठ्यानं ओरडले, "पोरी, च्या टाक!"

चहा आला. सुन्न बोटांत बशी धरवत नाही, म्हणून त्यांनी ती डाव्या हातात घेतली. पिऊन झाल्यावर उठून आढ्याची काडी काढली आणि माझ्या हातात दिली. मी ती शून्य व्होल्टच्या डब्याला लावली. टच् झालं नाही. ते झालं काय आणि न झालं काय, आबांना सारखंच होतं.

मशीन चालते हे घरात मला, मायला आणि बायकोला माहीत आहे. आबांना वाटतं, ती माझ्याच्यानं झाली नाही. पाहुणे आले की ते टेबलाकडे हात करून सांगतात, "पोरगं बीएस्सी हाय. करून राहिलंय." मी मान डोलावतो.